लिंबांच्या बाजूची खोली

नासपती सोलता सोलता फुल्वियो म्हणाला, "समुद्राकडची खोली घेऊ नकोस. खाली स्वयंपाकघराचा पंखा आहे, त्याची घरघर चालूच असते. मागची घे, लिंबांच्या बाजूची." आणि सोलत राहिला. साल तुटू न देता एका लांब पट्टीत काढायची, ही त्याची जुनी खोड. ओर्सोलाने त्या सालीकडे पाहिलं. साल तुटली नाही, पण मध्येच सुरी आत घुसली आणि पांढरा गर सालीबरोबर निघून आला. तेवढंच. पावाच्या टोपलीला टेकवून ठेवलेल्या टॅब्लेटवर हॉटेल 'ला स्कोल्येरा' उजळलेलं होतं: खडकांवर बसलेली फिक्या पिवळ्या रंगाची इमारत, निळ्या छत्र्या, पांढऱ्या उशा. त्या चित्रात पंखा नव्हता. लिंबं नव्हती. मागची बाजूच नव्हती. तिने विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तोच म्हणाला, "म्हणजे असं असतं बहुतेक. अशा हॉटेलांत." नासपतीची एक फोड सुरीच्या टोकावर धरून त्याने तिच्यापुढे केली. तिने ती घेतली, खाल्ली, आणि गोड आहे असं म्हणाली.

ओर्सोलाने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. उत्तर बरोबर आणि रीत गायब असली की पोराने कुठून तरी उतरवलं आहे, हे तिला वही न तपासता कळायचं. ती कधी ओरडायची नाही. त्या पोराला फळ्याशी बोलवायची, खडू हातात द्यायची आणि खिडकीबाहेर बघत उभी राहायची. पोरगं घामाघूम व्हायचं. त्या संध्याकाळी ताटं विसळताना तिला हातातला खडू आठवला. बाहेरच्या खोलीत फुल्वियोने बातम्या लावल्या होत्या आणि नेहमीसारखा तो निवेदकाशी भांडत होता. त्याच्या आवाजात काही फरक नव्हता. इतक्या वर्षांत त्याच्या आवाजात कधीच काही फरक पडलेला नव्हता, आणि आज पहिल्यांदाच तिला वाटलं, हा सभ्यपणा नव्हे, हे कसब आहे.

सुट्टीचं खूळ मुळात तिचं नव्हतंच. वसंतात फुल्वियो निवृत्त झाला. पूल तपासायचा हा माणूस. कुठल्या खांबाला तडा गेलाय, कुठला भार सोसेल, कुठला सोसणार नाही, यातच जन्म गेला. आता तो घरभर फिरून दरवाजांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा. फ्रान्समधल्या ल्योंहून बेनेने, त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, फोनवर हुकूम सोडला: "समुद्रावर जा दोघं. चांगल्या हॉटेलात. आणि काही करू नका." फुल्वियोची बहीण क्लोतिल्दे कॉफी प्यायला आली आणि सल्ल्यांचा ढीग टाकून गेली. मग जेवणानंतर रोज टॅब्लेट टोपलीला टेकू लागला. सार्दिनिया, इस्किया, आमाल्फी, पुल्या. सगळीकडे तेच. तीच पांढरी चादर, पायरीवर तीच वेताची टोपी, आणि कठड्याला टेकून समुद्र बघणारी एक पाठमोरी बाई. त्या बाईचा ओर्सोलाला मनस्वी राग यायचा. त्या पाठीकडे बघून कळायचं की हिला मागून कुणी हाक मारत नाही. हिच्या पिशवीत औषधं नाहीत, कुणाचे तपासणीचे कागद नाहीत. ओर्सोलाला विश्रांती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला फक्त दमणं ठाऊक होतं आणि दमून झाल्यावरचं बधिरपण. तरी ती रोज टोपलीपुढे बसायची, कारण न बसणं म्हणजे भांडण, आणि भांडायला तरी काहीतरी आवड लागते.

पण आता तिला आवड उत्पन्न झाली. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मला ते पिवळं हॉटेल बरं वाटतंय." फुल्वियोने चष्मा कपाळावर चढवला. "ते? ते जुनाट आहे. सार्दिनियाचं बघ की, वाळू केवढी. स्कोल्येराला वाळू नाही, नुसते खडक. तुझे गुडघे." तिचे गुडघे. इतकी वर्षं तिच्या गुडघ्यांची कुणाला पडली नव्हती. "खडक मला चालतात," ती म्हणाली, "आणि जेवण कसं असेल तिथलं?" तो म्हणाला, त्याला काय माहीत. मग थोड्या वेळाने, न राहवून, "अँचोवी मासळी बरी करत असतील. लिगुरियात सगळीकडेच बरी करतात." ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली रस्त्यावर ट्रामची वाट बघणारी माणसं होती. खडू त्याच्या हातात होता. रविवारी क्लोतिल्दे आली तेव्हा ओर्सोलाने मुद्दाम विषय काढला. "तुझा भाऊ मला सार्दिनियाला न्यायला बघतोय आणि मला लिगुरियाला जायचंय." क्लोतिल्दे साखर ढवळत म्हणाली, "दोन तासांवरचं लिगुरिया? तिथे आपल्या तोरिनोची सगळी म्हातारी जातात. आमच्या दातांच्या डॉक्टरलाच भेटाल. सुट्टी म्हणजे माणसाने जरा नाहीसं व्हावं." "नाहीसं व्हायला दोन तास पुरतात," ओर्सोला म्हणाली, "कितीतरी लोक तेवढ्यात होतात." फुल्वियो उठून बिस्किटं आणायला गेला. बिस्किटं टेबलावरच होती.

बाई असणार, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. आता फक्त कोण, एवढंच उरलं होतं, आणि त्यात तिला एक वाईट चव असलेला आनंद मिळू लागला. कार्यालयातली मारिल्येना असेल; ती नाकातून हसायची, आणि नाताळच्या जेवणात एकदा तिने फुल्वियोच्या कोटावरचा धागा काढला होता. किंवा ती जेनोवाची वास्तुकार, हातात जाड अंगठ्या घालणारी. रस्त्याने जाताना, दुकानात पीच दाबून बघताना, ओर्सोला त्या बायकांना एकेक करून पिवळ्या हॉटेलात नेऊन बसवायची. लिंबांच्या बाजूच्या खोलीत. पंख्याचा आवाज नको म्हणून खोली बदलून मागणारी बाई कोण असेल? जिची झोप नाजूक आहे ती. किंवा जिला झोपायचंच नाही ती. मग ती फुल्वियोकडे बघायची: टक्कल, कानातले केस, सूप पिताना पुढे येणारा खालचा ओठ. या ओठासाठी कुणी खोटं बोललं असेल, रेल्वेत बसून आलं असेल, याचा तिला अपमान वाटायचा आणि त्याच वेळी नवल. आपल्या नजरेतून सुटलेलं त्याच्यात काही होतं की काय. तिने हॉटेल नक्की केलं. खोली मागची मागितली. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझी इच्छा," आणि बिजागऱ्यांचं तेल शोधायला गेला.

जूनमध्ये ते गेले. जेनोवापर्यंत तो झोपला. डोकं मागे, तोंड उघडं. बोगद्यामागून बोगदा येत होता आणि मध्ये मध्ये समुद्राचा एकेक तुकडा तिच्या तोंडावर फेकल्यासारखा येऊन जात होता. स्टेशनवरून गाडीने वर, मग वळणावळणाने खाली. पिवळी इमारत चित्रात होती तशीच निघाली, फक्त जास्त खरी. कोपऱ्यांतून खाऱ्या हवेने रंगाचे पापुद्रे सुटलेले. भोजनगृहाच्या दाराशी पांढऱ्या कोटातला एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. त्याने फुल्वियोला पाहिलं, भुवया वर नेल्या, आणि दोन्ही हात पसरले. "इंजिनिअरसाहेब! मी म्हणतच होतो, कधीतरी येणार. आणि या वेळी एकटे नाही आलात. बरं केलंत." फुल्वियो म्हणाला, "तार्चिझियो. अजून आहात तुम्ही." त्याच्या मानेवरून लाली चढत कानांपर्यंत गेली. तार्चिझियोने ओर्सोलापुढे मान लववली, आणि कठड्याजवळची जागा दिली. ते जेवायला बसले. खाली पाणी खडकांच्या फटींत शिरून ढेकर दिल्यासारखं परत येत होतं. एकटे नाही आलात. म्हणजे मागे एकटा आला होता. पण हॉटेलवाले असंच बोलणार, तिने स्वतःला सांगितलं. बायकोसमोर ते आणखी काय बोलतील? फुल्वियोने अँचोवीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "विचार ना," तो म्हणाला. "काय विचारू?" ती म्हणाली. "मीठ दे."

सकाळी तो पोहायला उतरला. गच्चीवरून तिला त्याचं डोकं दिसत होतं, काळपट पाण्यात एक लालसर बोंड. तार्चिझियो कॉफी घेऊन आला आणि घुटमळला. बोलायची हौस असलेला माणूस होता.

"साहेब पोहतातसुद्धा म्हणजे," तो म्हणाला. "मागच्या वेळी पाण्याला पाय लावला नाही त्यांनी."

"मग काय केलं?"

"झोपले." तार्चिझियो हसला. "इतका झोपणारा पाहुणा मी जन्मात पाहिला नाही, सिन्योरा. सकाळची न्याहारी आम्ही दुपारी द्यायचो. स्वयंपाकघरात तर त्यांना पोतं म्हणायचे. माफ करा हं."

"आणि बरोबर कोण होतं?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाऊन तिथे खराखुरा गोंधळ आला. "कुणी नव्हतं. पुस्तकसुद्धा नव्हतं. मी म्हटलं वर्तमानपत्र आणतो, तर म्हणाले, काही आणू नका. ते वादळ नाही का झालं त्या वसंतात, आमचा लाकडी धक्का वाहून गेला, टीव्हीवर सगळीकडे दाखवत होते? मी धावत वर गेलो त्यांच्या खिडक्या लावायला. सगळ्या सताड उघड्या. चादरीवर पाणी, जमिनीवर पाणी, आणि साहेब झोपलेले. मला वाटलं गेले. हात लावला तर म्हणतात कसे, राहू द्या उघडं."

कॉफीवर साय धरली. ओर्सोलाला ते वादळ माहीत होतं. ते तिने पाहिलं होतं. तोरिनोच्या त्या इस्पितळात मजल्याच्या टोकाला एक टीव्ही भिंतीला उंच टांगलेला होता. त्याचा आवाज कायम बंद असायचा. ती पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती आणि पडद्यावर एक भली मोठी लाट रस्त्यावर चढत होती, रंगीत खोपटी खेळण्यांसारखी उचलून नेत होती. शेजारी उभी असलेली नर्स म्हणाली होती, समुद्राला वेड लागलंय. ओर्सोला ते पुरतं बघायलाही थांबली नव्हती, कारण खोलीत बेनेच्या पुढे वाटी होती आणि त्या वाटीतलं तिने खाल्लं की उशीखाली लपवलं हे बघायला कुणीतरी हवं होतं. बेने तेव्हा सतरा वर्षांची होती. हिवाळ्यात तिने खाणं सोडलं होतं. का, ते कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. तिचे हात पक्ष्याच्या पायांसारखे झाले होते आणि त्या हातांवर बारीक लव उगवली होती, जणू शरीर स्वतःच स्वतःला पांघरूण घालू बघत होतं. ओर्सोला त्या खोलीतल्या खुर्चीत राहायला गेली होती. राहायलाच. तिथे जेवायची, तिथेच पेपर तपासायची, डोळे मिटायची ते बेनेने मिटल्यावर, आणि उघडायची तिच्याआधी. फुल्वियो यायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा, जायचा. मग एके दिवशी म्हणाला, पार दक्षिणेला, ताराँतोला, पुलाचं काम निघालंय, टाळता येत नाही. तिने वर न बघता जा म्हटलं होतं. वादळाच्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. "इकडे ऊन आहे," तो म्हणाला होता, "कशी आहे ती?" आणि त्याचा आवाज इतका ताजा, इतका विसावलेला होता, की तिला, त्या खुर्चीतल्या बाईला, बरं वाटलं होतं. निदान एकाला तरी काम आहे, असं वाटलं होतं.

ती उठली. खाली जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या. गुडघे दुखत होते आणि ते दुखणं तिला हवंसं वाटत होतं. सपाट खडकावर आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. पलीकडे एक जर्मन जोडपं पालथं पडून वाचत होतं. फुल्वियो पाण्यातून वर आला, टॉवेल खांद्यावर घेतला, आणि तिच्या तोंडाकडे बघून तसाच, ठिबकत, उभा राहिला.

"ताराँतोचा पूल कसा आहे रे?" ती म्हणाली. "पडला तर नाही ना?"

तो खुर्चीच्या कडेवर बसला. बराच वेळ टॉवेलने एकच कान पुसत राहिला. "तार्चिझियोला तोंड आवरत नाही," तो म्हणाला.

"त्याला कशाला बोल लावतोस? त्याला वाटलं, बायकोला माहीत असेल. माणसाला असंच वाटणार."

"मी सांगणार होतो."

"कधी? माझ्या थडग्याशी?"

"तुला सांगण्याजोगी स्थिती नव्हती तेव्हा. आणि नंतर सांगून काय मिळणार होतं?"

"मी इथे एक बाई शोधत आले होते, फुल्वियो. महिनाभर शोधतेय. मारिल्येनाला मी या खोलीत झोपवून पाहिलं, त्या अंगठ्यावालीला झोपवून पाहिलं. मला वाटलं होतं, तू निदान कुणावर तरी जीव टाकला असशील."

"बाई असती तर तुला बरं वाटलं असतं?"

"हो."

तिचं तिलाच नवल वाटलं, किती चटकन उत्तर आलं त्याचं. ते खरं होतं. बाईचा तिरस्कार करता आला असता, त्याचाही, आणि एखाद दिवशी म्हातारपणी त्यावर हसताही आलं असतं. पण झोप? मुलगी कातडीखालून हाडं दाखवत पडलेली असताना हा माणूस पांढऱ्या चादरीत दुपारपर्यंत झोपत होता, आणि वाऱ्याला म्हणत होता, ये.

"मी तिथे काय करणार होतो?" तो हळू आवाजात म्हणाला. पलीकडे जर्मन बाईने पान उलटलं. "तू मला चमचा धरू देत नव्हतीस. मी खोलीत आलो की घड्याळाकडे बघायचीस. एकदा मी तिचे केस विंचरायला घेतले तर तू माझ्या हातातून फणी काढून घेतलीस, दुखेल तिला म्हणून. आठवतं? नाही आठवणार. मी एका पुलाखाली उभा होतो आणि माझ्या डोक्यात आलं, हा आता पडला तर बरं होईल. त्या दिवशी मी गाडीत बसलो. कुठली गाडी तेही बघितलं नव्हतं."

"आणि थेट सगळ्यात उत्तम हॉटेलात उतरलास. गादी निवडून. पंख्याचा आवाज नको म्हणून खोली बदलून."

"हो," तो म्हणाला. "आवाज नकोच होता मला. कुठलाच. तुझाही."

"झोप लागली?"

"लागली," फुल्वियो म्हणाला. "ओर्सोला, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही आता. आयुष्यात इतकी चांगली झोप मला कधी लागली नाही."

तिने त्याच्या तोंडात मारली असती तर ते सोपं झालं असतं. तिने खाली वाकून त्याच्या चपला उचलल्या, जोडीने त्याच्या पायांपाशी ठेवल्या. "दुपारची गाडी आहे," ती म्हणाली. "जा." तो म्हणाला, घरी जाऊन बोलू. ती म्हणाली, तू जा, मी राहणार आहे, आणि मला फोन करू नकोस. तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू काहीतरी सांगावं की नाही ते तोलतो आहे. ओठ हलला, मग मिटला. वर जाताना पायऱ्यांवर त्याची ओली पावलं उमटत गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेली. तासाभराने गच्चीवरून तिने त्याला टॅक्सीत बसताना पाहिलं. तार्चिझियो बॅग उचलून देत होता. दोघेही पडेल चेहऱ्याने उभे होते, एखाद्याला पोचवून आलेल्या माणसांसारखे.

पुढचे दिवस तिने त्याचा द्वेष करण्यात घालवले. ते काम तिने नेटाने केलं. सकाळी उठून त्याच्या एकेका शब्दाला ती फळ्याशी उभं करायची. तुझाही आवाज. तुझाही. पलंगाच्या त्याच्या बाजूवर तिने मुद्दाम सुटकेस उघडून ठेवली. गच्चीवरच्या बायका आपल्या नवऱ्यांच्या पाठीला तेल चोळत होत्या आणि तिला त्या सगळ्या मूर्ख वाटत होत्या. या पाठी कुठे कुठे झोपून आल्या आहेत, बायांनो, तुम्हाला काय ठाऊक. तिला समुद्राचा राग येत होता, त्याच्या निळेपणाचा, रोज इस्त्री केल्यासारख्या येणाऱ्या सकाळींचा. लिंबांचाही. खिडकीबाहेर ती झाडं खरोखरच होती, उतारावर दगडी बांध घालून लावलेली, आणि दुपारी त्यांच्या पानांतून वारा आला की खोलीत एक हिरवट, कडवट वास भरायचा. फारच शांत खोली होती. त्याने म्हटलं होतं तशीच. आणि या शांततेत, सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी झाली, की तिला झोप येऊ लागली. पहिल्या दुपारी ती फक्त पाय पसरून पडली होती. जागी झाली तेव्हा ऊन खोलीतून निघून गेलं होतं आणि तिच्या गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी न्याहारी चुकली. क्षणभर तिला आपण कोण, कुणाचे, काही आठवेना, आणि त्या क्षणाची गोडी जिभेवर असतानाच सगळं परत आलं. ती उठून बसली आणि तिने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला, जोरात, शाळेत वर्गात झोपणाऱ्या पोराला काढावा तसा.

बेनेचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर होती. जेवणाची वेळ व्हायची होती.

"पप्पाने गाडीतूनच केला होता फोन," बेने म्हणाली. "मी मुद्दाम थांबले होते. मम्मा, तू बरी आहेस?"

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. मम्माला एकटीला राहायचंय म्हणाला. पण मला कळलं. स्कोल्येरा म्हटल्यावर कळलंच."

ओर्सोलाने छत्रीचा दांडा धरला. "तुला हे नाव कसं माहीत?"

पलीकडे ल्योंच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. बेने चालत असावी. ती थांबल्याचं ऐकू आलं. "त्याने तुला सांगितलं नाही?"

"काय नाही सांगितलं?"

"मीच म्हटलं होतं त्याला, जा म्हणून."

"तुला बोलता येत नव्हतं तेव्हा. तू कुणाशीच बोलत नव्हतीस."

"एकदा तू पाणी भरायला गेली होतीस. मी त्याला म्हटलं, पप्पा, तुम्हा दोघांपैकी कुणीतरी जा इथून. तो म्हणाला, मम्मा जाणार नाही. मी म्हटलं, मग तू जा. कुठेतरी जा आणि झोप. तो स्कोल्येराहून रोज फोन करायचा, मला वजनाला बाहेर नेलं की, नर्सच्या फोनवर. मला सांगायचा, मी आज इतका वेळ झोपलो, काल तितका. मला बरं वाटायचं गं. कुणीतरी झोपतंय असं वाटायचं." ती पुन्हा चालू लागली. "मम्मा, तू माझा प्रत्येक घास बघायचीस. मी डोळे उघडले की तू. मी मिटले तरी तू. मला कळत होतं तू का बसली आहेस. पण तू बसलेली असताना मला वाटायचं, मी मरतेच आहे. नाहीतर ही अशी कशाला बसली असती?"

खाली कुणीतरी पाण्यात उडी मारली, आणि मागोमाग दुसऱ्याने.  फुल्वियोला हे खडकावर बसून सांगता आलं असतं. एका वाक्यात सुटला असता तो. ओठ हलला होता आणि मिटला होता. तो मुलीच्या आड लपला नव्हता. आणि हे कळून तिचा राग कमी झाला नाही, उलट भडकला, कारण आता तो राग ठेवायला तिच्यापाशी जागाच उरली नाही. त्या दोघांचं एक गुपित होतं, एक झोपेचं संगनमत, आणि ती बाहेर खुर्चीत बसून राहिली होती. मुलगी वाचली. कोणामुळे वाचली? हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता, कारण उत्तर तिला माहीत होतं. आता रीतच गायब होती.

"तू चिडलीस," बेने म्हणाली.

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर. त्याच्यावर. सगळ्यांवर. आधी चिडू दे मला नीट."

"मी येऊ का तिकडे? शनिवारी निघाले तर दुपारपर्यंत पोचेन. एक दिवस राहीन."

ओर्सोलाच्या तोंडात 'ये' आलेलंच होतं. मुलगी येते म्हणाली आणि तिने कधी नको म्हटलं आहे? पलंगावरची सुटकेस हलवावी लागेल, तार्चिझियोला सांगून आणखी एक उशी... तिने डोळे मिटले. मानेपासून टाचांपर्यंत झोप उतरून बसलेली तिला जाणवली, जड, ओल्या वाळूसारखी.

"नको," ती म्हणाली. "येऊ नकोस. मला इथे एकटीला राहायचंय."

 मग बेनेने श्वास सोडला, लांब, आणि तिच्या आवाजात आलेली ती हलकी, जवळजवळ हसरी गोष्ट ओर्सोलाने पूर्वी कधी ऐकली नव्हती. "बरं," बेने म्हणाली. "बरं मम्मा. राहा."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. तार्चिझियोने पाव आणि तेल आणून ठेवलं, तिचा चेहरा पाहिला आणि या खेपेला न बोलता गेला. तिने पाव मोडला. तेलात बुडवला. दोन घास खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आज काय खाल्लंस, हे बेनेला विचारायचं राहून गेलं. इतक्या वर्षांत त्यांचा एकही फोन त्याशिवाय संपला नव्हता. तिचा हात फोनकडे गेला. तो तिने उचलला, पडद्यावर मुलीचं नाव आलं, आणि ती त्या नावाकडे बघत राहिली. मग फोन पालथा ठेवला आणि उरलेला पाव खाल्ला.